गणवेशातील विधी-शिक्षण : सैन्याधिकाऱ्याला सेवेत असताना कायदा शिकता येतो काय?

जांभूळच्या अवतीभवतीचा परिसर लष्कराला अपरिचित नाही. आजचे उल्हासनगर हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘कल्याण कॅम्प’ या नावाने ओळखला जाणारा लष्करी तळ होता. फाळणीनंतर तेथे निर्वासित सिंधी बांधव वसले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने या पंचक्रोशीतील अनेक घरांना भाकर दिली. अशा परिसरातील निवासी शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींच्या मनात सैन्याधिकारी होण्याची इच्छा उपजली, तर त्यात नवल नाही. दुसरीकडे, आपल्या घरांतून ‘मुलाने वकील व्हावे’ ही इच्छाही तितक्याच आदराने बोलली जाते. मात्र या दोन इच्छा एकमेकींच्या आड येतात, असा सार्वत्रिक समज आहे. एक तर वर्दी, नाही तर काळा कोट, अशी निवड दहावी-बारावीच्या वयातच करावी लागते, असे पालकांना वाटते.

हा समज पूर्णतः खरा नाही. सेवेत असलेल्या अधिकाऱ्याला कायद्याची पदवी घेता येते. परंतु तिचे नियम कठोर आहेत आणि आडवाट धरणाऱ्याच्या हाती निरुपयोगी कागद पडण्याचा धोकाही आहे. त्यामुळे या विषयाची नीट माहिती माजी विद्यार्थी व पालक यांच्यापर्यंत पोहोचावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

सैनिक आणि अर्ज

आपल्या समाजाचा लष्कराशी असलेला संबंध शौर्यापुरता मर्यादित नाही. तो कायद्याच्या भाषेशीही जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती थांबविली, तेव्हा त्याविरुद्ध पहिला आवाज उठविला तो सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसांनी. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः सैन्यातील निवृत्त हवालदार. त्यांनी १८९० च्या दशकात सरकारकडे करावयाचे विनंतिपत्र तयार केले. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे सैन्य व पोलीस खात्यातील प्रवेशासाठी अर्ज केला. सुभेदार रामजी सकपाळ हे महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. लष्करात मिळालेले शिक्षण आणि नेमक्या शब्दांत न्याय मागण्याची रीत, या दोहोंची सांगड या पिढीने प्रथम घातली.

रामजींच्या पुत्राने तर ही सांगड पराकोटीला नेली. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. १९१८ ते १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसा जमविला आणि पुन्हा लंडन गाठून १९२२ मध्ये ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. नोकरी आणि विधी-शिक्षण यांचा मेळ घालताना वर्षे जातात, पण वाट बंद होत नाही, हे याहून निराळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९५६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले.

लष्कराला कायदा कशासाठी लागतो?

सैनिकाला नागरी कायदे लागू असतातच. त्याखेरीज भूदलासाठी १९५० चा आर्मी ॲक्ट, हवाई दलासाठी १९५० चा एअर फोर्स ॲक्ट आणि नौदलासाठी १९५७ चा नेव्ही ॲक्ट असे स्वतंत्र कायदे आहेत. संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार सशस्त्र दलांतील व्यक्तींचे मूलभूत अधिकार शिस्तीच्या गरजेपुरते मर्यादित करण्याची मुभा संसदेला आहे. अधिकार मर्यादित केले गेले आहेत; म्हणूनच जे उरले आहेत, त्यांचे रक्षण करणारा जाणता माणूस जवळ असणे महत्त्वाचे ठरते.

लष्करी न्यायालयाला आपण कोर्ट मार्शल म्हणतो. जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान ५ अधिकारी बसतात आणि त्या प्रत्येकाची अधिकारपदावर किमान ३ वर्षे सेवा झालेली असावी लागते. हे न्यायालय मृत्युदंडापर्यंतची शिक्षा देऊ शकते. तरीही न्यायासनावर बसणारे हे अधिकारी कायद्याचे पदवीधर असावेत, अशी अट नाही. कालपर्यंत तोफखान्यात वा पायदळात काम करणारा कॅप्टन आज एका जवानाच्या भवितव्याचा निर्णय करतो. त्यांना कायद्याचे मार्गदर्शन करण्यासाठी आर्मी ॲक्टच्या कलम १२९ अन्वये एक ‘जज ॲडव्होकेट’ उपस्थित असतो. तो सामान्यतः जज ॲडव्होकेट जनरल विभागाचा, म्हणजे ज्याला बोलीभाषेत ‘जॅग’ म्हणतात त्या विभागाचा, अधिकारी असतो. समरी कोर्ट मार्शल मात्र कमांडिंग ऑफिसर एकटाच चालवतो. तो लेफ्टनंट कर्नल वा त्याहून वरच्या हुद्द्याचा असेल, तर १ वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा देऊ शकतो.

कायदा न जाणण्याची किंमत कोण मोजतो, हे रणजित ठाकूर यांच्या प्रकरणात दिसते. ते सिग्नल रेजिमेंटचे जवान होते. आपल्या कमांडिंग ऑफिसरविरुद्ध वरिष्ठांकडे तक्रार पाठविल्याबद्दल त्यांना २८ दिवसांची सक्तमजुरी झाली. ती भोगत असताना, १९८५ मध्ये, जेवण घेण्याचा हुकूम मोडल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर समरी कोर्ट मार्शल झाले आणि १ वर्ष कारावास व सेवेतून बडतर्फी अशी शिक्षा सुनावली गेली. आर्मी ॲक्टच्या कलम १३० नुसार, न्यायासनावर बसणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल आक्षेप आहे काय, असे आरोपीला विचारावे लागते. ते विचारले गेले नव्हते. शिवाय ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार होती, तोच न्यायदानात सहभागी होता. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली आणि दिलेली शिक्षाही अपराधाच्या मानाने अतिरेकी असल्याचे म्हटले. एक प्रश्न विचारायचा राहिला, आणि त्या जवानाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्या दिवशी कायदा शिकलेला एखादा अधिकारी जवळ असता, तर कदाचित हे टळले असते.

१९८२ मध्ये लेफ्टनंट कर्नल पृथीपाल सिंग बेदी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोर्ट मार्शलच्या निकालावर स्वतंत्र अपिलाची सोय नसल्याकडे लक्ष वेधले होते. ती उणीव २००७ च्या आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल कायद्याने भरून निघाली. हे न्यायाधिकरण २००९ पासून कार्यरत आहे. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे, ही बाब आपल्या भागातील आजी-माजी सैनिकांनी ध्यानात ठेवावी.

पहिला मार्ग : आधी पदवी, मग वर्दी

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे कायद्याची पदवी घेऊनच सैन्यात जाणे. भूदलाच्या जॅग विभागात अविवाहित विधी पदवीधर तरुण-तरुणींची अल्पसेवा आयोगावर निवड होते. त्यासाठी एलएल.बी.ला किमान ५५ टक्के गुण, २१ ते २७ वर्षे वय आणि बार कौन्सिलमध्ये नोंदणीची पात्रता आवश्यक असते. अलीकडे क्लॅट या परीक्षेच्या पदव्युत्तर स्तरावरील गुणही मागितले जातात. सेवा निवड मंडळाची मुलाखत व वैद्यकीय तपासणी यांतून निवड झालेल्यांना चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. नौदलही विधी शाखेसाठी अल्पसेवा आयोगाच्या जाहिराती काढते.

मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. २००८ मध्ये भूदलाने स्त्री अधिकाऱ्यांना कायम आयोग देऊ केला, तो प्रथम जॅग आणि शिक्षण या दोन विभागांत. तरीही जॅगच्या भरतीत पुरुषांसाठी अधिक आणि स्त्रियांसाठी कमी जागा ठेवल्या जात. ११ ऑगस्ट २०२५ रोजी अर्शनूर कौर यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी घटनाबाह्य ठरविली आणि सामाईक गुणवत्ता यादीचा आग्रह धरला.

दुसरा मार्ग : सेवेत असताना शिक्षण

ज्याने आधी वर्दी चढविली आणि नंतर ज्याला कायद्याची ओढ लागली, त्याच्यासाठी हा मार्ग आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या छात्राला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. म्हणजे साधारण बाविसाव्या वर्षी तो पदवीधर असतो आणि ३ वर्षांच्या एलएल.बी.साठी शैक्षणिकदृष्ट्या पात्र असतो. या अभ्यासक्रमासाठी पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण पुरतात. महाराष्ट्रात राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची विधी सीईटी द्यावी लागते.

खरी अडचण प्रवेशाची नसून उपस्थितीची आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी-शिक्षण नियमांनुसार प्रत्येक सत्र किमान १५ आठवड्यांचे असते, आठवड्याला किमान ३० तासांचे अध्यापन अपेक्षित असते आणि प्रत्येक विषयात ७० टक्के उपस्थिती बंधनकारक असते. असाधारण कारणासाठी ती ६५ टक्क्यांपर्यंत शिथिल होऊ शकते, त्याखाली नाही. अशी ६ सत्रे पूर्ण करावी लागतात. ज्या अधिकाऱ्याची नेमणूक सीमेवर आहे, त्याला हे शक्य नाही. आणि तो तसे करू पाहील, तर त्याच्या तुकडीवर अन्याय होईल.

मग काय करता येते? सेवेच्या अटी पूर्ण करणाऱ्या अधिकाऱ्याला संपूर्ण सेवाकाळात साधारणतः २ वर्षांपर्यंत अभ्यासरजा मिळू शकते. तिच्यासाठी विषय सैन्याच्या उपयोगाचा असावा लागतो, वरिष्ठांची शिफारस लागते आणि परतल्यावर ठरावीक काळ सेवा करण्याचे बंधन स्वीकारावे लागते. विधी पदवी ३ वर्षांची असल्यामुळे निव्वळ अभ्यासरजेत ती बसत नाही. उरलेल्या काळासाठी साचलेली रजा, तसेच महाविद्यालय असलेल्या शहरातील शांतता-स्थानकावरची नेमणूक आणि तेथे वर्गाच्या वेळा सांभाळण्याची लेखी परवानगी, यांची जुळवाजुळव करावी लागते. यात बदलीचा धोका कायम असतो. विधी-शिक्षणाच्या नियमांत अभ्यासक्रमाच्या मध्येच थेट प्रवेशाला मनाई असल्यामुळे, एका विद्यापीठात ३ सत्रे करून उरलेली दुसऱ्या राज्यात पूर्ण करणे सहज जमत नाही. म्हणून अनुभवी मंडळी सल्ला देतात, की नवीन ठिकाणी नेमणूक झाल्यानंतर लगेचच्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यावा; नेमणुकीचा निम्मा काळ उलटल्यावर नव्हे.

तुलनेसाठी अमेरिकेची व्यवस्था पाहावी. तेथे १९७३ च्या एका तरतुदीनुसार भूदल, नौदल व हवाई दल या प्रत्येक विभागाला दर वर्षी २५ पर्यंत सेवारत अधिकारी विधी महाविद्यालयात पाठविता येतात. त्यांचे वेतन चालू राहते आणि शुल्क सरकार भरते. बदल्यात शिक्षणाच्या प्रत्येक वर्षामागे २ वर्षे सेवेची हमी द्यावी लागते. हवाई दलात याखेरीज विनावेतन रजा घेऊन स्वखर्चाने शिकण्याचीही सोय आहे. आपल्याकडे वाट मुख्यत्वे अधिकाऱ्याच्या स्वतःच्या पुढाकारावर अवलंबून राहते. तेथेही पूर्णवेळ वर्गात बसण्यापासून मात्र कोणालाही सूट नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ज्या वाटा टाळाव्यात

‘घरबसल्या एलएल.बी.’, ‘फक्त परीक्षेला या’ अशा जाहिराती वेळोवेळी दिसतात. दूरस्थ पद्धतीने घेतलेल्या एलएल.बी. पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही. दूरस्थ वा मुक्त विद्यापीठांतून कायद्याच्या विशिष्ट विषयांतील पदविका जरूर घ्याव्यात. त्या ज्ञान वाढवतात, परंतु त्या एलएल.बी.ची जागा घेऊ शकत नाहीत.

याहून गंभीर बाब खोट्या उपस्थितीची आहे. अधिकारी छावणीत आणि हजेरीपटावर मात्र तो वर्गात, असे घडले, तर एकाच वेळी दोन कागद परस्परांविरुद्ध साक्ष देतात. अशी पदवी पुढे सनदेच्या वेळी किंवा जॅग विभागातील निवडीच्या वेळी तपासली गेली, तर पदवी जाते आणि सेवेतील शिस्तभंगही अंगावर येतो. उद्या दुसऱ्याच्या खोट्या कागदावर निर्णय देणाऱ्या व्यक्तीचाच कागद खोटा असावा, हे कायद्याला आणि आपल्या शीलालाही मानवणारे नाही. म्हणून प्रवेशापूर्वी वरिष्ठांची लेखी परवानगी घेणे आणि महाविद्यालयालाही आपण सेवेत असल्याचे लेखी कळविणे, ही दोन पत्रे कधीही टाळू नयेत.

पदवीनंतर काय?

सेवारत अधिकाऱ्याला पदवी मिळाली, तरी त्याला लगेच वकिली करता येत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला त्या काळात वकिली करण्यास बार कौन्सिलच्या नियम ४९ ची मनाई आहे. त्याच्या ज्ञानाचा उपयोग मात्र लगेच होतो. इतर शाखांतील विधी पदवीधर अधिकाऱ्यांना आवश्यकतेनुसार जॅग विभागात घेण्याची प्रथा आहे. तेथे न गेला, तरी कोर्ट मार्शलमध्ये आरोपीचा बचाव अधिकारी म्हणून, चौकशी न्यायालयाचा सदस्य म्हणून किंवा आपल्या तुकडीतील जवानांच्या जमिनीच्या, पेन्शनच्या वा कौटुंबिक तंट्यांत योग्य सल्ला देणारा अधिकारी म्हणून तो उपयोगी पडतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता व भारतीय साक्ष अधिनियम लागू झाल्यामुळे जुन्या अधिकाऱ्यांनाही नव्याने अभ्यास करणे भाग पडले आहे.

लष्करी कायद्याच्या प्रशिक्षणाची संस्था महाराष्ट्रातच, नागपूरजवळच्या कामठी येथे आहे. इन्स्टिट्यूट ऑफ मिलिटरी लॉ असे तिचे नाव. जॅग अधिकाऱ्यांबरोबरच इतर शाखांच्या अधिकाऱ्यांसाठीही तेथे अभ्यासक्रम चालतात. ज्याला ३ वर्षांची पदवी शक्य नाही, त्याने निदान या अभ्यासक्रमासाठी आपले नाव सुचविले जावे, असा प्रयत्न करावा. ज्याच्याकडे आधीच एलएल.बी. आहे, त्याला अभ्यासरजेत १ किंवा २ वर्षांचा एलएल.एम. आरामात बसविता येतो.

आणखी दोन वाटा

अल्पसेवा आयोगावरचा अधिकारी साधारण १० वर्षांनी, म्हणजे पस्तिशीच्या आसपास, सेवामुक्त होतो. महाराष्ट्रात विधी सीईटीला वयाची कमाल अट नाही. असा अधिकारी उल्हासनगरच्या नारी गुरसहानी विधी महाविद्यालयात किंवा मुंबई-पुण्याच्या कोणत्याही मान्यताप्राप्त महाविद्यालयात निश्चिंतपणे बसू शकतो. पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करून अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवारांसाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये यांहून अधिक घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. शुल्काच्या भीतीने आता कोणी मागे फिरू नये.

दुसरी वाट प्रादेशिक सेनेची. टेरिटोरियल आर्मीत १८ ते ४२ वयोगटातील, स्वतःचा व्यवसाय वा नोकरी असलेले पदवीधर अधिकारी होऊ शकतात. वर्षातील ठरावीक काळ प्रशिक्षण व सेवा आणि एरवी आपला व्यवसाय, असे तिचे स्वरूप आहे. न्यायालयात उभा राहणारा वकील या मार्गाने वर्दीही धारण करू शकतो.

पालक व माजी विद्यार्थ्यांसाठी

अधिकाऱ्यांच्या निवडीत आरक्षण नाही. तेथे सर्वांना एकच कसोटी असते. विधी महाविद्यालयातील प्रवेशात मात्र आरक्षण आहे आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचाही समावेश आहे. म्हणून जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र मुलगा बारावीत असतानाच तयार ठेवावे. वैधतेअभावी प्रवेश अडल्याचे पुष्कळ घरांनी अनुभवले आहे. एनडीएची तयारी करू इच्छिणाऱ्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे. मुलींसाठी नाशिकला अशीच सोय झाली असून, एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे सैन्यदलांत, पोलिसांत वा न्यायालयांत आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेला द्यावा आणि मुलांना प्रत्यक्ष कागद दाखवावेत. सीईटीचा अर्ज कसा असतो, अभ्यासरजेच्या अर्जात काय लिहितात, आरोपपत्र कसे वाचतात, हे आठवी-नववीच्या मुलाने एकदा पाहिले, तर त्याची भीती निम्मी होते. वलंगकर आणि कांबळे यांच्या काळी एक विनंतिपत्र लिहिणारा माणूस शोधावा लागे. आज तो माणूस आपल्या शाळेतून घडविता येईल, आणि तो गणवेशात असेल, तर त्याच्या पलटणीतील जवानाला न्यायासाठी फार लांब जावे लागणार नाही.